ल्यूसी, आवृत्ती १०.०

३ जानेवारी

ग्लेंडाने ऑफिसात नवी वही आणून ठेवली आहे. प्लगइनमध्ये जे काही बदलशील ते तारखेसह तिच्यात लिही, असा हुकूम आहे. गेल्या वर्षीच्या चौकशीत कुणी काय कधी बदललं हे कुणालाच धड सांगता आलं नव्हतं, त्यात मीही होतो. म्हणून ती वही. आणि त्या वहीत जे लिहिता येत नाही त्यासाठी ही माझी, घरातली.

काम तेच, सातवा हिवाळा. ग्रेलिंग हा मोठा प्रोग्रॅम दक्षिणेकडच्या लोकांनी बनवलेला. तो गाडीतल्या लॅपटॉपवर बसतो, मागे ओढलेल्या रडारचे पडसाद ऐकतो आणि तळ्यावरचा बर्फ किती जाड ते सांगतो. माझं प्लगइन त्याच्या पाठुंगळीवर बसतं. जाडी घ्यायची, तिच्यावर किती वजन चालेल ते काढायचं आणि रस्ता रंगवायचा. हिरवा म्हणजे या, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे मागे फिरा. चालक आकडे फारसे बघत नाहीत, रंग बघतात. गोठलेल्या तळ्यावरून खाणीकडे जाणारे सगळे ट्रक याच रंगांवर चालतात.

प्लगइन जागं झालं की पहिलं काम एकच करतं. ग्रेलिंगला विचारतं, तुझी आवृत्ती कोणती? आठव्या आवृत्तीपर्यंत ग्रेलिंग इंचांत बोलायचा, नवव्यापासून सेंटीमीटरमध्ये बोलतो. उत्तर नऊच्या खालचं आलं की आकड्याला २.५४ ने गुणायचं, नाहीतर आहे तसा घ्यायचा. चार ओळी आहेत. सहा वर्षांत त्यांना हात लावावा लागलेला नाही, आणि याचा मला अभिमान आहे. असला तर असू दे.

६ जानेवारी

तळ्यावर संदेशपेट्या बसवून झाल्या. प्रत्येक लॅपटॉप सुरू झाला की प्लगइन एक ओळ पाठवतं, त्या लॅपटॉपचं नाव आणि ग्रेलिंगची आवृत्ती. ओळ पेटीतून पेटीत उड्या मारत माझ्या पडद्यावर येते. वेळ मात्र माझं मशीन टाकतं, ओळ पोचली तेव्हाची. पाठवल्याची वेळही टाकायला हवी होती असं हर्वे म्हणायचा. हर्वेला पुष्कळ काही हवं असायचं.

पेट्या बसवायला नोएला लिझॉट होती. हर्वेची धाकटी बहीण. यंदा त्याच्या जागी बर्फ मोजायला तीच आहे. मी ग्लेंडाला म्हटलं होतं, तिला घेऊ नकोस, तिच्या आईचा विचार कर. ग्लेंडा म्हणाली, "तिच्या आईनेच पाठवलंय. तू कोण रे मोठा?"

नोएलाने ऑफिसच्या दारात बूट झटकले आणि माझ्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "काय लायल, अजून उंटावरूनच शेळ्या हाकतोस का?"

"उंट चांगला गरम आहे," मी म्हटलं.

"बर्फावर पाय कधी ठेवलास शेवटचा?"

मी खिडकीतल्या थर्मामीटरकडे बघितलं. बाहेर उणे छत्तीस होतं.

७ जानेवारी

काल लिहायचं टाळलं, ते आज लिहून टाकतो. हर्वे गेल्या मार्चमध्ये गेला. दोन बेटांमधल्या चिंचोळीत प्रवाह असतो, तिथे बर्फ कधीच धड धरत नाही. हर्वे सकाळी हलक्या स्नोमोबिलवरून रडार ओढत पहिली फेरी मारून आला. रेडिओवर त्याने आकडा सांगितला, ७१ आणि हिरवं. मग लॅपटॉप चाकांऐवजी पट्टे असलेल्या मोठ्या गाडीत ठेवून ती पाच टनांची गाडी घेऊन गेला, आणि गाडीसकट खाली गेला. पाणबुड्यांनी त्याला वर काढलं. लॅपटॉप एकोणीस मीटर खाली गाळातच राहिला.

पोलिसांनी भोकाच्या कडेला बर्फ मोजला तो २८ सेंटीमीटर. ७१ कुठे आणि २८ कुठे. म्हणजे हर्वे मोजलेली रेघ सोडून भलतीकडे गेला, हे उघड आहे. अहवालातही तेच आहे: चालकाने घाई केली. माझीही साक्ष तीच होती. हर्वेला घाई असायचीच, हे गावात कुणीही सांगेल.

त्याच्या आईने, बर्थामावशीने, साक्षीनंतर माझ्याशी बोलणं सोडलं. माझ्या हातात काय होतं? मी आकड्यांचा माणूस आहे.

९ जानेवारी

काल संध्याकाळी चिंचोळीच्या काठावरच्या पेटीला बॅटरी जोडली. आज सकाळी ६.४० ला पडद्यावर ओळ आली.

ल्यूसी. १०.०

सगळ्या लॅपटॉपना हर्वेने आपल्या मावश्या-आत्यांची नावं दिली होती. थेरेझ, इडा, मार्गरेट. ल्यूसी त्याचा स्वतःचा. तो तळ्याच्या तळाशी आहे.

आणि १०.० कुठून आलं? आपल्याकडे एक जुनं सुटं मशीन सोडलं तर सगळीकडे ९.६ आहे. दहावी आवृत्ती या महिन्यात यायची आहे, अजून कुणाकडे नाही.

वहीत लिहिलं, "किरकोळ बिघाड." दुसरं काय लिहिणार?

१० जानेवारी

पुन्हा. ६.४० ला. ल्यूसी, १०.०.

हर्वे ६.४० ला लॅपटॉप सुरू करायचा. कॉफीचा पहिला घोट आणि बटण, असा त्याचा नेम होता. त्या वेळी माझा पडदा नेहमी तुक करायचा आणि मी म्हणायचो, आले साहेब. आज पडदा तुक झाला आणि माझ्या तोंडून तेच निघालं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं.

नंतर डोकं शांत ठेवून विचार केला. मार्चमध्ये त्या पेटीची बॅटरी मेली होती, त्यामुळे त्या दिवशीच्या ओळी मला मिळाल्याच नव्हत्या. त्या पेटीतच अडकून राहिल्या असणार. आता बॅटरी जोडल्यावर पेटी जुनं ओकतेय. पेटीतला हीटर पहाटे चालू होतो, म्हणून रोज एकाच वेळी. हे पटण्यासारखं आहे, आणि मला पटलं.

१२ जानेवारी

रोज येते.

यादी लावून बघितली तर आणखी एक वैताग. आवृत्तीप्रमाणे लहानापासून मोठ्याकडे लाव म्हटलं, तर ल्यूसीची १०.० सगळ्यांत वर, मग जुन्या सुट्या मशीनची ८.४ आणि शेवटी बाकीच्यांची ९.६. दहा आठाच्या आधी! यादी लावणारा माझाच जुना तुकडा आहे. असल्या बारीकसारीक गोष्टींना आता वेळ नाही. हाताने ओळ ओढून खाली ठेवली.

१३ जानेवारी

नोएलाला सांगून चिंचोळीची पेटी रिकामी करून घेतली. कारण सांगितलं नाही, नेहमीची साफसफाई म्हटलं. ती म्हणाली, "तुझी साफसफाई आणि माझी बोटं." तिच्या दोन बोटांना बर्फ चावला होता. मी ऑफिसात चहा पीत होतो.

१४ जानेवारी

६.४०. ल्यूसी. १०.०.

पेटी रिकामी आहे. मी स्वतः तपासली, म्हणजे इथून तपासली.

मला भीती वाटतेय असं लिहिणार नव्हतो. पण ही वही कुणी वाचणार नाही. मला भीती वाटतेय.

१५ जानेवारी

एक सोपी गोष्ट केली. ल्यूसी नावाची ओळ आली तर दाखवू नको, आवाज करू नको, असं माझ्या मशीनला सांगितलं. आज ६.४० ला खोली शांत होती. मी मात्र ६.३० पासून बसून होतो.

१७ जानेवारी

ग्रेलिंगची दहावी आवृत्ती आली. ग्लेंडाने सगळ्यांना बसवून विचारलं, "टाकायची का? टाकायची तर खाणीचे जड ट्रक निघायच्या आत टाक. भर हंगामात मला खेळ नकोत."

मी म्हटलं, दोन दिवस दे, तपासतो.

नोएला कोपऱ्यातून म्हणाली, "हर्वे म्हणायचा, प्लगइनने आवृत्ती विचारूच नये. माप विचारावं. इंच की सेंटीमीटर, ग्रेलिंगला सरळ विचारलं तर तो सरळ सांगतो."

"सांगतो ना. पण आवृत्ती कळली की माप कळतंच."

"माणसाचं वय विचारून त्याला पोहता येतं का ते ठरवायचं, तसं झालं हे. हेही हर्वेचंच."

ग्लेंडा हसली. मीही हसलो. हर्वे हे मला तोंडावर तीन वर्षं ऐकवत होता आणि मी दर वेळी म्हणायचो, चालतंय ना? मग चालू दे. चालत्या गाडीची चाकं बदलायची मला हौस नाही.

१८ जानेवारी

ऑफिसच्या मशीनवर दहावी आवृत्ती टाकून गेल्या हिवाळ्यातली रडारची फीत चालवली. प्लगइन उठलं, रंग आले, चुकीची सूचना एकही नाही. उलट सगळं हिरवंगार. गेल्या वर्षीचा बर्फ माझ्या आठवणीपेक्षा बराच जाड निघाला. आठवणीवर विसंबू नये म्हणतात ते खोटं नाही.

वहीत लिहिलं, "तपासलं. ठीक."

१९ जानेवारी

ग्रेलिंगवाल्यांना फोन केला. दहावी आवृत्ती याआधी कुणाकडे होती का? फोनवरच्या बाईने शोधून सांगितलं, गेल्या फेब्रुवारीअखेर चाचणीची एक प्रत तिघांना पाठवली होती. "त्यातले एक तुमच्याच गावचे. लिझॉट म्हणून. फार चांगल्या चुका शोधून द्यायचे. कसे आहेत ते?"

मी म्हटलं, मजेत. असं का म्हटलं ते मला माहीत नाही.

म्हणजे कोडं सुटलं. हर्वेने न सांगता ल्यूसीवर चाचणीची प्रत टाकली होती, बहुधा त्याच सकाळी. जुनी ओळ खरीच होती. आपल्याच मशीनवर बिनपरीक्षेची आवृत्ती टाकणं, हीसुद्धा घाईच. आज मला बऱ्याच दिवसांनी झोप लागेल असं वाटतंय.

२० जानेवारी

झोप लागली नाही.

दुपारी नोएला मासे घेऊन आली. तिच्या आईने धुरावलेले, माझ्यासाठी नव्हेत, ग्लेंडासाठी. ग्लेंडा बाहेर होती. नोएला बसली आणि म्हणाली, "तू वाळत चाललायस, लायल. काय झालंय?"

मी सांगून टाकलं. ल्यूसी, ६.४०, रिकामी केलेली पेटी, सगळं. ती थट्टा करील अशी तयारी ठेवली होती. तिने थट्टा केली नाही.

"आणि तू काय केलंस?"

"आवाज बंद केला."

तिने माशांची पिशवी टेबलावर ठेवली. "तो रोज सकाळी तुला काहीतरी सांगतोय, आणि तू त्याचा आवाज बंद केलास."

"नोएला, तो पेटीतला कचरा आहे."

"असेल," ती म्हणाली. "मी आईला सांगणार."

"नको सांगूस."

"तू मला काय नको ते सांगू नकोस."

२१ जानेवारी

बर्थामावशीचं म्हणणं नोएलाने फोनवर सांगितलं. गेल्या वर्षी पोलिसांनी आणि कंपनीने चिंचोळी बंद केली होती, त्यामुळे पाण्याला तंबाखू द्यायचा राहिला. त्यांच्याकडचे लोक पाण्यावर जाताना आधी पाण्याला काहीतरी देतात, तंबाखूची चिमूट नाहीतर जे हाताशी असेल ते. हर्वेही द्यायचा, गुपचूप, मी बघत नसताना. मावशी म्हणाल्या, तो काहीतरी मागतोय, ते देऊन या.

तेवीस तारखेला चिंचोळीची पहिली फेरी आहे. तेव्हाच नोएला गिरमिटाने भोक पाडून तंबाखू देणार आहे.

"गिरमिट कशाला नेतेस?" मी म्हटलं. "रडार असताना भोकं पाडायचं आपण तीन वर्षांपूर्वी सोडलं."

"तंबाखू रडारमधून खाली जात नाही, लायल."

२२ जानेवारी

दहावी आवृत्ती सगळ्या लॅपटॉपवर टाकली. ओळी आल्या. थेरेझ १०.०, इडा १०.०, मार्गरेट १०.०. ल्यूसीचा आवाज मी परत चालू केला. का ते मला विचारू नये. चिंचोळीची पेटीसुद्धा बदलली, खोक्यातून काढलेली कोरी करकरीत बसवली. आता जुनं काही असायची सोयच नाही.

२३ जानेवारी

आज सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी ६.४० ला ओळ आली. कोऱ्या पेटीतून. ल्यूसी, १०.०. दोन मिनिटांनी पुन्हा, मग पुन्हा. आठ वाजेपर्यंत अख्खा पडदा भरला. एकच नाव, एकच आकडा, वरपासून खालपर्यंत. मी नोएलाला थांबवलं नाही. काय सांगून थांबवणार होतो? पडदा बिघडलाय?

साडेदहाला उजाडल्यावर ती स्नोमोबिल घेऊन निघाली. मोठी गाडी काठावर इंजिन चालू ठेवून उभी होती, पहिली फेरी हिरवी आली की आणायची म्हणून. ११.१५ ला रेडिओ वाजला.

"लायल, फेरी झाली. चिंचोळीच्या मध्यात ६६. हिरवं."

"छान. मग आण गाडी."

हे म्हटलं आणि मला आठवलं. तेच शब्द. मार्चमध्येही मी तेच शब्द म्हटले होते.

"आधी आईचं काम करते," ती म्हणाली. "पाण्यापर्यंत चालत जा, असं सांगितलंय तिने."

मग बराच वेळ नुसती खरखर. वाऱ्याचा आवाज. मग तिचा आवाज आला, अगदी सावकाश, मोठ्याने बोललं तर काहीतरी मोडेल अशा बेताने.

"लायल. तुझ्या पडद्यावर मी उभी आहे तिथे किती दिसतंय?"

"६६."

"गिरमिट फार लवकर आरपार गेलं. मी पट्टी लावलीय. माझ्या हातात पट्टी आहे. २६."

"भोक तिरकं गेलं असेल."

"लायल."

"दुसरं पाड. जरा बाजूला."

तिने पाडलं. मी खुर्चीत बसून होतो, ती उणे एकतीसमध्ये गुडघ्यावर. "२६," ती म्हणाली. "आणि खाली पाणी वाहताना ऐकू येतंय. तुला ऐकवू?" तिने रेडिओ भोकाशी धरला. मी ऐकलं.

समोरच्या कागदावर मी ६६ लिहिलं, खाली २६ लिहिलं. भागाकार करायची गरजच नव्हती. सहा वर्षं जो आकडा मला पाठ आहे तोच. २.५४.

प्लगइन दहाव्या आवृत्तीला आठवीसारखं वागवत होतं. सेंटीमीटरला इंच समजून गुणत होतं. कारण माझ्या चार ओळी उत्तराला आकडा म्हणून बघतच नाहीत, नाव म्हणून बघतात, आणि नावं अक्षरागणिक लावतात. पहिलं अक्षर १, ते ९ च्या आधी. म्हणून दहा नऊच्या खालचं. यादीत ल्यूसी सगळ्यांत वर येत होती ती याचमुळे. बाराव्या तारखेला मी ती ओळ हाताने ओढून खाली ठेवली होती.

मी रेडिओत ओरडलो, गाडी आणू नकोस, चालत काठावर ये, एकटी ये. ती म्हणाली, "चालतेय. ओरडू नकोस." काठावर पोचेपर्यंत पावलं मोजत होती. तीनशे बारा पावलं. मी प्रत्येक पाऊल ऐकलं.

ती पोचल्यावर मी दुसरा आकडा मांडला. २८ गुणिले २.५४. करायची इच्छा नव्हती, पण हाताने केलं. ७१.

हर्वेने रेघ सोडली नव्हती. हर्वेने घाई केली नव्हती.

अजून एक गोष्ट आहे, ती मी चौकशीत सांगितली नाही. कुणी विचारली नाही म्हणून नाही, मला ती क्षुल्लक वाटली म्हणून. ७१ सांगितल्यावर हर्वे रेडिओवर म्हणाला होता, "जरा जास्तच वाटतंय रे, लायल. चिंचोळी आहे ही." आणि मी म्हटलं होतं, "आकड्याशी भांडू नकोस. आण गाडी."

त्याने माझं ऐकलं. माणूस माझं ऐकून मेला, आणि वर मी साक्ष दिली की त्याने कुणाचं ऐकलं नाही.

२४ जानेवारी

सगळ्या गाड्या थांबवल्या. ग्लेंडाला सगळं सांगितलं, रेडिओवरच्या त्या वाक्यासकट. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. म्हणाली, "अहवाल बदलावा लागेल. तुझं नाव येईल त्यात."

"येऊ दे."

"येऊ दे काय, येणारच. मीच लिहिणार आहे." मग जरा वेळाने, "भोकं पाडायची बंद कर असं मी सांगितलं होतं, तुझ्या प्लगइनच्या भरवशावर. माझंही येईल."

संध्याकाळी चार वाजता बर्थामावशींकडे गेलो. नोएलाने दार उघडलं. ती आत सरकली, पण "ये" म्हणाली नाही. मावशी स्टोव्हजवळ बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच बोललो. बसलो असतो तर बोलता आलं नसतं.

"मावशी, हर्वेची काही चूक नव्हती. आकडा खोटा होता आणि तो मी बनवला होता. त्याला शंका आली होती. मी त्याला गप्प केलं."

 मावशींनी स्टोव्हमध्ये लाकूड सरकवलं. मग म्हणाल्या, "तो इथे बसून तुझ्याबद्दल बोलायचा. म्हणायचा, लायल हुशार आहे, पण तो विचारत नाही, ठरवतो."

"हो."

"मी तुला माफ केलं असं समजू नकोस. एवढ्यात नाही."

"नाही समजत."

"चहा घे," त्या म्हणाल्या. "थंडी आहे."

मी चहा घेतला. कपातला चहा पँटवर सांडला, तो मी बाहीने पुसला. निघताना नोएला दारापर्यंत आली. "तंबाखू दिला का मी, ते विचारलं नाहीस," ती म्हणाली. मी विचारलं. "दिला. त्याच भोकातून. काठावर येण्याआधी." म्हणजे २६ सेंटीमीटरवर उभी राहून, मी ओरडत असताना, तिने तेवढं करून घेतलं होतं.

२६ जानेवारी

त्या चार ओळी काढून टाकल्या. प्लगइन आता आवृत्ती विचारतच नाही. उठलं की ग्रेलिंगला विचारतं, तुझं माप कोणतं? त्याने सांगितलं तर काम सुरू, नाही सांगितलं तर सगळा रस्ता लाल. आणि पाठवायची ओळही बदलली. लॅपटॉपचं नाव, माप, पहिली जाडी. पाठवल्याची वेळसुद्धा, शेवटी. सगळं हर्वेने सांगितलेलं. लिहायला पन्नास मिनिटं लागली. पन्नास मिनिटांचं काम मी तीन वर्षं टाळत होतो.

नोएला शेजारी बसून प्रत्येक ओळ वाचत होती. या वेळी तपासणी फितीवर नाही. काठाजवळ वेगवेगळ्या जाडीची सहा भोकं पाडली, पट्टीने मोजली, मग रडार फिरवलं. मी बर्फावर होतो. माझी बोटं अजून दुखतायत.

दुपारी दोनला नवं प्लगइन पेट्यांमधून सगळ्या लॅपटॉपना सोडलं. तिघांची पोच आली. थेरेझ, इडा, मार्गरेट.

परवापासून ल्यूसीची एकही ओळ आलेली नाही. तिची आठवण येते असं लिहिलं तर वेड्यात काढतील. येते.

२७ जानेवारी

६.४० ला पडदा वाजला. एकदाच.

जुन्या पद्धतीची ओळ असती तर मी पुन्हा पेटीला दोष दिला असता. जुनी नव्हती. कालच, माझ्याच हाताने लिहिलेल्या नव्या पद्धतीची होती. जी ओळ गेल्या मार्चमध्ये अस्तित्वात नव्हती, तीच.

ल्यूसी. सेंटीमीटर. २८. पाठवल्याची वेळ ६.४०.

मी हात लावला नाही. नोएलाला फोन केला आणि जसं होतं तसं वाचून दाखवलं. तिकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. कुणाला तरी ती आपल्या बोलीत काहीतरी म्हणाली, मग परत फोनवर आली.

"रंग?"

"लाल."

 ती म्हणाली, "मग थांबला असेल तो."

मी रडलो. फोन चालू होता, तिने तो ठेवला नाही.

२८ जानेवारी

सव्वासहापासून बसून होतो. ६.४० ला काही आलं नाही.

सात वाजता, थेरेझ. सेंटीमीटर. ३४. मी रेडिओवर नोएलाला म्हटलं, "इथे ३४ दिसतंय. तुझ्याकडे किती?"

गिरमिटाचा आवाज आला, मग पट्टीचा.

"३४," ती म्हणाली.